‘अजून एकदा, पहिल्यापासून’

पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा जवळ आली की पुण्यातल्या कॉलेजांच्या तालमी मध्यरात्र ओलांडतात. दीड वाजता दिग्दर्शक म्हणतो, ‘अजून एकदा, पहिल्यापासून.’ कुणी नाही म्हणत नाही.

सकाळी सातला उठलेला मुलगा रात्री बाराला सलग 17 तास जागा असतो. 17 ते 19 तासांच्या जागरणानंतर काही चाचण्यांत माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा चुकतो, असं विल्यमसन आणि फेअर या संशोधकांनी 2000 साली मोजून दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 टक्के आहे. शिडीवर चढून स्पॉटलाइट फिरवणारा आणि नंतर स्कूटीवरून मैत्रिणीला कात्रजला सोडणारी, दोघंही त्या रेषेपलीकडे.

त्याहून वाईट गोष्ट 2003च्या एका प्रयोगात दिसली. 14 रात्री फक्त सहा-सहा तास झोपलेल्यांचं लक्ष जवळपास एक रात्र अजिबात न झोपलेल्यांइतकं ढासळलं. त्यांना स्वतःला मात्र विशेष झोप येतेय असं वाटत नव्हतं. म्हणजे ‘दादा, चालतंय आम्हाला’ हा होकार ज्या मेंदूतून येतो, त्याचाच काटा बिघडलेला असतो. दादाचाही बिघडलेला असतोच, पण ध्यास त्याचा आहे.

कॉफीनं हे भरून निघत नाही. झोपेची जाणीव करून देणारं अ‍ॅडेनोसिन मेंदूत साचतच राहतं, कॅफिन फक्त त्याची जागा अडवतं. रात्री अकराच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन पहाटे चारपर्यंत अंगात असतं. मग झोप उथळ होते, आणि दिवसा बसवलेल्या हालचाली पक्क्या होतात त्या झोपेतच. दुसऱ्या दिवशी एन्ट्री चुकते, दिग्दर्शक चिडतो, तालीम आणखी लांबते.

गळ्याचं तसंच. बोलताना मुलींचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांवर आपटतात. रोज ओरडून बोललं तर तिथं सूज येते, पुढे गाठी होतात. घसा तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचाच.

शिडीवरचं काम संध्याकाळी, ताज्या डोक्यानं उरका. नवीन हालचाली तालमीच्या पहिल्या तासात बसवा. पूर्ण आवाजात एकच फेरी. बाकी पाठांतर बसून, साध्या बोलण्याच्या आवाजात. साडेदहाला थांबा. दिग्दर्शकाला त्यापुढे जागायचंच असेल, तर लाइटचं क्यू-शीट, म्हणजे कुठला दिवा कधी लावायचा याची यादी, घेऊन जागावं, एकट्यानं.