रेड हाऊस (अप्टन, केंट)

रेड हाऊस म्हणजे इंग्लंडमधल्या, तेव्हा केंट परगण्यात असलेल्या अप्टन नावाच्या छोट्या वस्तीत डिझायनर आणि कवी विल्यम मॉरिसने स्वतःसाठी बांधून घेतलेलं घर. डिझाईन त्याचा आर्किटेक्ट मित्र फिलिप वेब याचं, आणि स्वतंत्रपणे काम करायला लागल्यावर वेबचं हे पहिलंच घर. १८५९ मध्ये काम सुरू झालं, १८६० च्या उन्हाळ्यात मॉरिस बायको जेनला घेऊन राहायला आला. तेव्हा आजूबाजूला सफरचंदाच्या बागा आणि शेतं होती, आता अप्टन बेक्स्लीहीथमध्ये मिसळून गेलंय आणि लंडन तिथवर पोचलंय.

घर दुमजली, काटकोनात वळलेलं, उतरत्या लाल कौलांचं. त्या काळात पैसेवाल्यांच्या व्हिलांना बाहेरून गिलावा करून दगडाचा भास आणायची फॅशन होती, इथे लाल विटा तशाच उघड्या ठेवल्या, नाव त्यावरूनच. खिडक्या एकसारख्या नाहीत, आत ज्या खोलीला जशी हवी तशी, कुठे लांब सरकती तर कुठे नुसती गोल, आणि कित्येकींवर विटांची टोकदार कमान. दोन बाजूंच्या कुशीत, बागेत, विहीर आहे आणि तिच्यावर शंकूसारखं उंच कौलारू छप्पर, फोटोत लोक आधी तीच ओळखतात. छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातकुक्कुटावर मॉरिसची आद्याक्षरं आणि १८५९ हे साल आहे. दिवाणखाना आणि स्टुडिओ वरच्या मजल्यावर. मुख्य खोल्या उत्तरेकडे तोंड करून असल्याने हिवाळ्यात घर गार पडायचं, हा दोष मान्यच करायला हवा.

‘पहिलं आधुनिक घर’ हा किताब रेड हाऊसला कसा मिळाला यावर बरंच लिहिलं गेलंय. जर्मन लेखक हर्मान मुथेसियसने १९०४ च्या सुमारास या घराला नव्या गृहकलेच्या सुरुवातीचा मान दिला, आणि कला-इतिहासकार पेव्हस्नरने १९३६ मध्ये वास्तुकला आणि डिझाईनमधल्या आधुनिक चळवळीची वंशावळ मॉरिसपासून मांडल्यावर ते मत पक्कं झालं. पण बटरफील्ड आणि स्ट्रीट या आर्किटेक्टनी गावोगावच्या पाद्र्यांसाठी बांधलेली घरं बघितली की उघड्या विटा, उतरती छपरं, सोयीप्रमाणे खिडक्या हे सगळं तिथे आधीच सापडतं, आणि वेब तर स्ट्रीटच्याच ऑफिसात तयार झालेला, मॉरिसही १८५६ मध्ये काही महिने तिथेच होता. त्यामुळे हे घर त्याच परंपरेतलं म्हणणं जास्त पटतं. नवं काही असेल तर ते आतल्या सजावटीत आहे, म्हणजे मनासारखं फर्निचर बाजारात मिळेना म्हणून मित्रांनी मिळून भिंती, छतं, कपाटं रंगवली. दिवाणखान्यात चित्रकार मित्र बर्न-जोन्सने लग्नाच्या मेजवानीची भित्तिचित्रं काढली, लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधल्या मॉरिसच्या जुन्या बिऱ्हाडातून आणलेल्या मोठ्या बाकाला वेबने वर गॅलरी आणि चढायला शिडी जोडली. १८६१ मध्ये निघालेली, फर्निचर आणि सजावटीचं काम करणारी मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी याच उद्योगातून उभी राहिली असं साधारणपणे मानतात.

बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी घराला आणखी एक बाजू जोडायचा बेत होता, तो बारगळला. १८६५ मध्ये मॉरिस लंडनला राहायला गेला, पुढे घर विकलं आणि परत कधी तिथे गेला नाही म्हणतात.

१९५२ पासून आर्किटेक्ट एडवर्ड हॉलम्बी यांचं कुटुंब तिथे राहिलं आणि त्यांनी घर जपलं. २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. २०१३ च्या सुमारास एका बेडरूममध्ये झाकलं गेलेलं भित्तिचित्र उघडं झालं, त्यात आदम-इव्ह, नोहा अशा बायबलमधल्या व्यक्ती आहेत, आणि त्यातली कुठली आकृती मॉरिसने काढली, कुठली चित्रकार रोझेटीने किंवा चित्रकार एलिझाबेथ सिडलने, यावर अजून एकमत नाही.