अंतर तेच, मग जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

न्यूयॉर्कहून लंडनला जाणाऱ्या फ्लाइट बघा, साधारण सात तास दाखवतात, आणि उलटी बघितली तर आठच्या आसपास. अंतर दोन्हीकडून तेच, साडेपाच हजार किलोमीटर. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं असं बरेच जण सांगतात पण तसं नाहीये, कारण विमान ज्या हवेत उडतं ती हवाही पृथ्वीबरोबर फिरतच असते, नाहीतर हेलिकॉप्टरने नुसतं वर जाऊन थांबायचं आणि खाली पुढचा देश आला की उतरायचं, झालं काम!

अंतराचं प्रकरण तसं सोपं आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर काढायचं. टोकियो ते न्यूयॉर्क सपाट नकाशावर बघितलं तर वाटतं सरळ पॅसिफिक ओलांडून जावं, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, तो वर अलास्काकडे चढतो. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर, म्हणजे कुठलेही दोन विमानतळ घ्या, २० हजारांच्या पलीकडे अंतर जातच नाही.

खरी भानगड वेळेची. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर स्पीड हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. आणि ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. (जपानच्या वासाबुरो ओइशींनी बलून सोडून हे वारे १९२० च्या दशकातच मोजले होते, पण रिपोर्ट छापला एस्पेरांतो नावाच्या, मुद्दाम बनवलेल्या आणि फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत, मग वाचणार कोण!) हे वारे विषुववृत्त आणि ध्रुवांकडच्या तापमानातल्या फरकामुळे तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात, म्हणजे पृथ्वीचं फिरणं यात येतं खरं, पण मागच्या दाराने. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हे वारे इतके चढले की ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने स्पीड १,३०० च्या वर! त्या उंचीवर आवाजाचा वेग १,०६० च्या आसपास असतो, तरी विमानाने तो ओलांडला नाही, कारण ते हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, हवाच पळत होती.

आता कुणी म्हणेल जाताना वाचलेला वेळ येताना जातो, हिशोब बरोबर. नाही होत! ५,४०० किलोमीटर धरा, वारा ताशी १०० चा. जाताना १,००० च्या स्पीडने ५ तास २४ मिनिटं, येताना ८०० ने पावणेसात तास, एकूण १२ तास ९ मिनिटं. वारा नसता तर बरोबर १२. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं म्हणून तोटा होतोच. त्यामुळे अटलांटिकवरचे रस्ते रोज वारा बघून नव्याने आखतात, थोडं लांबून गेलं तरी चालतं.

आणि कधीकधी वाऱ्याचाही संबंध नसतो. हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत व्हायचं, २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपच्या विमानांना बंद झाली आणि तेच १३ तासांवर गेलं, काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून जायला लागली. अंतराचा आकडा बघाल तर अजूनही तोच, ७,८०० किलोमीटरच्या आसपास.