दोष हृदयाचा, शिक्षा यकृताला

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागात कुणाचे पाय सुजले, पोटात पाणी झाले आणि डोळे पिवळे दिसू लागले की घरात पहिला शब्द निघतो तो कावीळ. मग माळ घालणाऱ्याकडे फेरी होते, तेल-तुपाचे पथ्य सुरू होते. पुढे रिपोर्टात लिव्हर बिघडल्याचे आले की गावाचा प्रश्न ठरलेला: "पीत होता काय?" आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना तो ऐकून घ्यावा लागतो. त्यातल्या काहींचे यकृत मुळात निरोगी असते. बिघाड हृदयात असतो. कुणाच्या झडपा लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेल्या, कुणाच्या हृदयाचे आवरण क्षयाने आवळलेले, कुणाचा हृदयाचा स्नायूच दुबळा. या रुग्णांवर होणारा अन्याय मला फार लागतो, म्हणून हृदयाच्या दोषाने यकृत कसे बिघडते आणि नव्या हृदयाने ते कितपत सावरते, याची ही पार्श्वभूमी.

आपल्या भाषेने हे दोन अवयव कधीच एकमेकांजवळ आणून ठेवले आहेत. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते, आणि वाईट बातमीने काळजात धस्स होते ते मात्र छातीत. संस्कृतातल्या ज्या 'कालेय' शब्दातून काळीज आले, त्याचा अर्थ यकृत असाच होता.

शरीरातही ते तितकेच जवळ आहेत. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे चौथा हिस्सा यकृतातून फिरतो आणि तिथून महाशिरेने थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतो. वाटेत झडपा नाहीत. हिडकलचे धरण भरले की घटप्रभेचा फुगवटा मागे मागे चढतो, तसेच इथे होते. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त तुंबते आणि त्याचा दाब यकृतातल्या बारीक शिरांपर्यंत पोचतो. यकृताच्या प्रत्येक सूक्ष्म खंडाच्या मधोमध शीर असते, म्हणून आधी मधल्या पेशी गुदमरतात. असे यकृत कापले तर जायफळाच्या कापासारखे दिसते, गडद ठिपके आणि भोवती फिकट नक्षी. 'जायफळी यकृत' हे नाव वैद्यकात त्यावरूनच पडले. हृदयाचा जोर अचानक ओसरला तर प्रकार वेगळा असतो. रक्तच कमी पोचते, यकृताच्या पेशी मरतात आणि त्यांतून रक्तात सांडणारी एन्झाइम्स एक-दोन दिवसांत हजारांच्या घरात जातात.

या खंडांची रचना लंडनच्या फ्रान्सिस किर्नन यांनी १८३३ साली मांडली, तेव्हा रक्त कुठे तुंबते हे समजायला पाया मिळाला. १८८५ साली विल्यम पाश्चर यांनी (हे लुई पाश्चर नव्हेत) दाखवले की सुजलेले यकृत हाताने दाबले की मानेची शीर फुगते. मशिनाशिवाय, रुग्णाच्या खाटेशेजारी हृदयाचा दोष सांगणारी ही खूण आजही डॉक्टर पाहतात. १९५१ साली ब्रिटिश यकृततज्ज्ञ शीला शेरलॉक यांनी हृदयविकारातल्या यकृताची रचना, काम आणि रक्ताभिसरण यांची सांगड घातली. १९९५ साली इयन वानलेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यकृताच्या आतल्या शिरांतल्या गुठळ्यांमुळेही तिथे कठीण तंतू वाढतात. मिरजेचे वानलेस हॉस्पिटल सीमाभागाच्या तोंडी असल्याने हे आडनाव आपल्याला लगेच लक्षात राहते.

हृदयाचा स्नायूच दुबळा असेल तर मूळ दोषावरचा उपाय, म्हणजे हृदयच बदलणे, मात्र उशिरा आला. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी माणसाचे हृदय बदलले आणि रुग्ण अठरा दिवस जगला. अडीच महिन्यांतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते धाडस केले, पण रुग्ण काही तासांतच गेला. मेंदू कायमचा थांबला पण हृदय अजून चालू आहे, अशा मेंदूमृत्यूला आपल्याकडे तेव्हा कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९४ च्या कायद्याने मिळाली आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मधल्या काळात सायक्लोस्पोरिन हे शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायचे औषध आले होते. त्याच्याशिवाय परके हृदय टिकवणे फार अवघड होते.

यकृत कडक झालेल्या रुग्णाला नवे हृदय द्यावे का, हा तिथून पुढचा कठीण प्रश्न. मोठ्या शस्त्रक्रियेत असे यकृत दगा देऊ शकते. १९८४ साली अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांच्या चमूने सहा वर्षांच्या मुलीला हृदय आणि यकृत दोन्ही एकदम बसवले, तेव्हापासून तोही मार्ग खुला आहे. सिरोसिस (यकृत तंतूंनी भरून कडक, गाठाळ होणे) पक्का नसेल तर बहुधा एकटे हृदय पुरते. ते ठरवायला मानेच्या शिरेतून नळी घालून यकृतातले दाब मोजतात आणि गरजेप्रमाणे तुकडा काढून तपासतात.

सीमाभागात या निर्णयाआधीच वेळ जातो. अवयव वाटपाच्या याद्या राज्यवार आहेत: कर्नाटकात 'जीवसार्थकते', महाराष्ट्रात विभागीय समित्या. माणूस बेळगाव जिल्ह्याचा, दवाखाना कोल्हापूर-मिरजेचा, नातलग पुण्याचे. मग नाव घालायचे कुठे? २०२३ साली केंद्राने नोंदणीसाठी रहिवासी असण्याची अट काढण्याचे धोरण जाहीर केले, हे आपल्यासाठी मोठेच. बेळगावच्या केएलई रुग्णालयातही हृदयप्रत्यारोपण झाले आहे. तरी वाट पाहण्याच्या काळात यकृतावरचा दाब थांबत नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते.

नवे हृदय चालू लागले की फुगवटा ओसरतो. पोटातले पाणी हटते, काविळीचे पिवळे द्रव्य बिलिरुबिन बहुधा काही आठवड्या-महिन्यांत खाली येते, यकृत बनवते ते प्रथिन अल्ब्युमिन सावकाश वर चढते. तंतू सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू विरतात. काही रुग्णांत नंतरच्या तपासणीत ते कमी झालेले दिसले आहेत, काहींत राहतात. शिवाय प्रत्यारोपणानंतरची काही औषधे यकृतावरच भार टाकतात, म्हणून नव्या हृदयाच्या तपासणीला जाताना यकृताच्या तपासणीसाठीही दर वेळी रक्त द्यावेच लागते.