माद्रिद प्रणाली (ट्रेडमार्क नोंदणी)

माद्रिद प्रणाली : ट्रेडमार्कची, म्हणजे व्यापारी ज्याला छाप किंवा मार्का म्हणतात त्याची, अनेक देशांतली नोंदणी एकाच अर्जाने मागण्याची आणि पुढे एकाच नोंदवहीत सांभाळण्याची व्यवस्था. जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना ती चालवते. 'आंतरराष्ट्रीय नोंदणी' या नावाने मात्र घोटाळा होतो. एकदा पैसे भरले की छाप जगभर आपली, असं सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा निर्यातदार सहज धरून चालतो. सगळ्या जगाला लागू होणारा ट्रेडमार्क असा प्रकारच नाही. एकत्र होते ती मागणी. निकाल ज्या त्या देशाचा.

मूळ करार 14 एप्रिल 1891 रोजी माद्रिदला झाला, नाव तिथूनच आलं. व्यवहाराची भाषा फक्त फ्रेंच, आणि आधी मायदेशात नोंदणी पूर्ण झालेली हवी, अशा अटींमुळे अमेरिका, ब्रिटन, जपान शंभर वर्षं बाहेरच राहिले. 27 जून 1989 रोजी स्वीकारलेल्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे मूळ कराराला जोडलेल्या दुसऱ्या कराराने, इंग्रजीची सोय केली (स्पॅनिश नंतर आली) आणि नुसत्या प्रलंबित अर्जावरही पुढे जाण्याची मुभा दिली. तो 1 एप्रिल 1996 पासून प्रत्यक्ष राबू लागला. भारतात तो 8 जुलै 2013 रोजी लागू झाला. त्यासाठी 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात 2010 साली दुरुस्ती करून स्वतंत्र प्रकरण घालावं लागलं. आज सदस्य 110 हून अधिक आहेत. यात युरोपीय संघ, आफ्रिकी बौद्धिक संपदा संघटना यांसारखे देशांचे गट एकेक सदस्य धरले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष देश त्याहून जास्त भरतात.

या प्रणालीचा पाया घरची नोंद. सांगलीतल्या कंपनीला आधी भारतीय ट्रेडमार्क रजिस्ट्रीत अर्ज करावा लागतो (महाराष्ट्राचं काम मुंबई कार्यालयाकडे येतं). त्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर आंतरराष्ट्रीय अर्ज उभा राहतो. तो परस्पर जिनिव्हाला धाडता येत नाही, भारतीय रजिस्ट्रीतूनच ऑनलाइन जातो. अर्जदार तोच, चिन्ह तेच, माल मूळ नोंदीतलाच, एवढं रजिस्ट्री तपासून प्रमाणित करते.

'चिन्ह तेच' हे दोन शब्द वाचायला सोपे, पण अर्ज अडकतो तो इथेच. समजा, एका बेदाणा व्यापाऱ्याची 'नंदीबैल छाप' आहे. पंधरा किलोच्या खोक्यावर सजवलेल्या बैलाचं चित्र आणि खाली देवनागरी अक्षरं. भारतातली नोंदणीही तशीच. दुबईला जाणाऱ्या पाकिटावर बैल तोच, पण नाव रोमन लिपीत आणि वळणही वेगळं. आता माद्रिद अर्जात पाकिटावरचं चिन्ह टाकता येत नाही, कारण ते मूळ नोंदीतलं नव्हे. देवनागरी चिन्हच पुढे न्यायचं तर त्याचं रोमन लिप्यंतर सोबत द्यावं लागतं, पण संरक्षण मिळतं ते देवनागरीला. म्हणून ज्याला निर्यात करायची आहे त्याने परदेशी पाकिटावरचं चिन्ह आधी भारतात वेगळ्या अर्जाने नोंदवलेलं बरं. हा अर्ज सहा महिन्यांहून जुना नसेल, तर त्याच्या तारखेचा अग्रहक्कही, म्हणजे परदेशातला अर्ज त्याच तारखेचा धरला जाण्याचा हक्क, आंतरराष्ट्रीय अर्जात मागता येतो.

दुसरी अडचण वर्गांची. माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत, ते नीस वर्गीकरणाचे. तासगावच्या एकाच मळ्यातलं द्राक्ष ताजं विकलं तर वर्ग 31, बेदाणा केला तर 29, रस काढला तर 32 आणि वाइन केली तर 33. हळद पावडर 30 मध्ये, मिरजेची सतार 15 मध्ये, किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी बनणारे पंप 7 मध्ये. भारतातला अर्ज फक्त 29 चा असेल तर परदेशात वाइनसाठी संरक्षण त्याच्या जोरावर मागता येत नाही. यादी आखडती घेता येते, वाढवता येत नाही.

शुल्क स्विस फ्रँकमध्ये. मूळ शुल्क काळ्या-पांढऱ्या चिन्हाला 653 आणि रंगीत चिन्हाला 903 फ्रँक. त्यावर प्रत्येक देशामागे 100 फ्रँक, किंवा त्या देशाने स्वतःचा दर ठरवला असेल तर तो. अमेरिका, जपान, युरोपीय संघ यांचे दर स्वतंत्र आहेत. भारतीय रजिस्ट्री हाताळणीचे 5,000 रुपये वेगळे घेते. दोन-तीनच देश हवे असतील तर थेट तिथे अर्ज करणं कधी कधी स्वस्त पडतं, हा हिशेब आधी मांडावा.

जिनिव्हा कार्यालय कागद आणि वर्ग तपासतं, चिन्ह आपल्या नोंदवहीत चढवतं, गॅझेटमध्ये छापतं आणि निवडलेल्या देशांना कळवतं. छाप कोणाच्या आधीच्या छापेशी मिळतीजुळती आहे का, हे ते पाहत नाही. ते काम त्या त्या देशाच्या परीक्षकाचं. त्याला 12 किंवा 18 महिन्यांत हरकत कळवावी लागते, विरोधाचं प्रकरण असेल तर त्याहून उशीरही चालतो. मुदतीत काही कळवलं नाही तर छाप मान्य, म्हणजे मौन ही इथे खरोखरच संमती. हरकत आली की उत्तर त्या देशाच्या नियमांनी, बहुधा तिथलाच वकील नेमून द्यावं लागतं. एका अर्जात झालेली बचत इथे खर्ची पडू शकते.

पहिली पाच वर्षं सगळ्यात नाजूक. आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या तारखेपासून एवढा काळ ती भारतातल्या मूळ अर्जावर टांगलेली असते. भारतात ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर चार महिन्यांत कोणीही विरोध दाखल करू शकतो. तो यशस्वी होऊन मूळ अर्ज पडला, तर परदेशातल्या सगळ्या नोंदी एका फटक्यात जातात, मग तिथे कोणाची तक्रार असो वा नसो. विरोध पाच वर्षांच्या आत सुरू झाला असेल तर निकाल नंतर लागला तरी परिणाम तोच. मूळ कापलं की फांद्या वाळणारच. जाणकार याला केंद्रीय हल्ला म्हणतात. त्यावर तोड एकच: तीन महिन्यांत प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करून आधीची तारीख टिकवायची. शुल्क अर्थात पुन्हा.

सांभाळणं मात्र खरंच सोपं. नूतनीकरण दर दहा वर्षांनी, एकाच ठिकाणी. चुकलं तर जादा शुल्क भरून सहा महिन्यांची सवलत. कंपनीचं नाव बदललं, धंदा मुलाच्या नावावर केला, पत्ता विश्रामबागेतून कुपवाडच्या एमआयडीसीत गेला, तर वीस देशांसाठी एकच अर्ज पुरतो. नवा देशही मागाहून जोडता येतो. अपवाद असतातच: अमेरिकेत पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान छाप वापरात असल्याचं घोषणापत्र थेट तिथल्या कार्यालयात द्यावं लागतं, जिनिव्हामार्फत नाही.

संयुक्त अरब अमिराती 28 डिसेंबर 2021 पासून या प्रणालीत आहे, त्यामुळे आखातात माल पाठवणाऱ्यांची मोठी सोय झाली. नेपाळ आणि बांगलादेश सदस्य नाहीत. तिथे जुन्या रीतीने स्वतंत्र अर्ज. परदेशातला आयातदारच आपल्या नावावर छाप नोंदवून बसण्याचा धोका सगळीकडे सारखा, म्हणून पहिला कंटेनर निघण्याआधी अर्ज गेलेला असावा.

भौगोलिक मानांकनाशी या प्रणालीची गल्लत करू नये. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना भारतात मानांकन आहे. ते त्या भागातल्या उत्पादकांचं सामाईक असतं, एका दुकानाच्या मालकीचं नसतं. खोक्यावरचा बैल व्यापाऱ्याचा. बैलाखाली छापलेला 'सांगली' हा शब्द त्याला एकट्याला ना मुंबईत मिळतो, ना जिनिव्हामार्फत.