आत्मचरित्र, मराठी : बालपण व कुटुंबस्मृती

बालपणीच्या आणि घरातल्या आठवणींतून सांगितलेले स्वतःचे जीवन. रोजनिशी, प्रवासवर्णन व कुळवृत्तांत हे त्याचे शेजारी प्रकार होत. कुळवृत्तांतात वंशावळ मुख्य आणि व्यक्ती गौण असते. आत्मचरित्रात याच्या उलट.

आद्यत्वाचा प्रश्न : पहिल्या मराठी आत्मचरित्राविषयी एकमत नाही. नामदेवांच्या नावावरील आत्मचरित्रपर अभंगांत घरच्यांशी झालेला कलह येतो. मात्र नामदेवगाथेत ‘नामा’ हीच मुद्रा (अभंगाच्या शेवटी गुंफलेले कवीचे नाव) वापरणाऱ्या नंतरच्या कवींची रचना मिसळल्यामुळे या अभंगांचे कर्तृत्व निर्विवाद नाही. संत बहिणाबाई (सु. 1628–1700) यांच्या आत्मनिवेदनाचे अभंग अधिक भक्कम आधार देतात. वेरूळजवळचे देवगाव, अजाण वयात तीस वर्षांच्या बिजवराशी झालेले लग्न, गाव सोडून कुटुंबाची भटकंती, कोल्हापुरात लळा लागलेले वासरू आणि पतीची मारहाण हे सारे त्यांत आहे. पूर्वजन्मांची हकीकतही त्या सांगतात, म्हणून काही अभ्यासक या रचनेला संतचरित्राच्या परंपरेत बसवतात. परंतु पूर्वजन्मांचा भाग वेगळा काढता येतो आणि उरलेल्या घरगुती तपशिलाला त्याने बाध येत नाही.

गद्यापुरते पाहिले, तर नाना फडणीस (1742–1800) यांचे त्रोटक आत्मवृत्त आधी येते. बालपणीची देवपूजेची ओढ, स्वतःच्या दोषांची कबुली आणि पानिपतावरून (1761) परतणे, एवढाच त्याचा पैस. त्या मोहिमेत आई अंतरल्याचे दुःख त्यात आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814–82) यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केले. त्यामुळे लेखनकाळ धरला तर ते आधीचे ठरते आणि प्रकाशनकाळ धरला तर बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (1888). आद्यत्वाचे बरेचसे वाद या दोन मोजपट्ट्यांच्या सरमिसळीतून झाले आहेत.

रमाबाई रानडे (1910), धोंडो केशव कर्वे (1915) आणि लक्ष्मीबाई टिळक (1934 पासून) यांची आत्मचरित्रे सर्वपरिचित आहेत. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (1978) घर, वस्ती आणि जात यांना एकाच चौकटीत आणले.

कालनिश्चिती : आत्मचरित्राच्या लेखनाचा सर्वांत किचकट भाग हाच. आधी प्रत्येक वर्षाला एक ओळ देऊन कालपट आखतात आणि त्यावर सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांच्या खुंट्या मारतात : पानशेतचा पूर (12 जुलै 1961), कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), 1972 चा दुष्काळ. ‘कोयनेच्या वेळी तू रांगत होतास’ हे वाक्य पुष्कळदा जन्मदाखल्यापेक्षा विश्वसनीय ठरते. शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी अंदाजाने घातलेली 1 जून ही जन्मतारीख असंख्य दाखल्यांवर आढळते. ती दिसली की पडताळणी करावीच. ग्रामपातळीवरील जन्म-मृत्यू नोंद (गाव नमुना 14, बोलीत कोतवाल बुक) मिळाल्यास उत्तम. जुनी पाने मोडीत असतात. वारसाच्या फेरफारावरची (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीवरची) तारीख नोंदीची असते, मृत्यूची नव्हे; दोहोंत काही वर्षांचेही अंतर पडू शकते. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आजोबा-पणजोबांची नावे जुळतात, बायकांची क्वचितच.

शकात 78 मिळवले की इसवी सन येतो (शके 1883 = 1961). जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत मात्र 79 मिळवावे लागतात. बहुतेक चुका पौषात होतात, कारण इंग्रजी वर्ष त्याच महिन्यात पालटते. फसली सनासाठी (जुन्या महसुली वर्षासाठी) 590 किंवा 591 मिळवावे.

स्मृतीची पारख : साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाआधीचे स्वतःचे स्मरण सहसा टिकत नाही. त्याआधीचे जे ‘आठवते’ ते ऐकलेले किंवा छायाचित्रात पाहिलेले असते; ते ‘आई सांगे’ असे म्हणूनच द्यावे. 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई 1857 च्या धामधुमीत आजोळी कोसळलेले संकट आणि वडिलांचे सोवळ्याचे वेड यांचा संबंध लावतात, तो अशाच ऐकीव स्मृतीवर.

वडीलधाऱ्यांना ‘त्या वेळी काय झाले?’ असे विचारले की घासून गुळगुळीत झालेली गोष्ट तेवढी मिळते. पाणी कोण भरी, कोण कुठे निजे, चूल कुठल्या भिंतीला होती, असे विचारावे. एक बैठक तासाभराची पुरे. दोघा भावंडांना वेगवेगळे बसवावे आणि विसंगती मिटवू नये, दोन्ही पाठ लिहावेत. बोलीचे प्रमाणभाषेत रूपांतर केले की माणूस निघून जातो.

आरंभ मूळपुरुषापासून केलेली हस्तलिखिते बहुधा कोकणातून देशावर येईपर्यंतच दमतात. घरापासून सुरुवात केलेली पुढे सरकतात. एका प्रसंगाला हजार-दीड हजार शब्द सोयीचे. पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांत शब्दशः देणे संशयास्पद दिसते. एखादे खरोखर लक्षात राहिलेले वाक्य पुरते.

नातलगांची नावे : हयात व्यक्तींचे आजार, कर्ज, वाटणीचे तंटे लिहिण्यापूर्वी संमती घेणे इष्ट. मृतांविषयी मोकळीक असते हा समज चुकीचा आहे. मृत व्यक्ती हयात असती तर जिने तिच्या लौकिकाला बाध आला असता आणि जिचा हेतू कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा आहे, अशी नालस्ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम 499) खाली अब्रुनुकसानी ठरू शकते.