लिनक्सचा १ आणि फ्रीबीएसडीचा १

आटपाडी-खरसुंडीकडच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून करायची जुनी रीत आहे. आता समजा, एका बाजारात एक बोट म्हणजे ‘हजार वाढवले’ आणि दुसऱ्या बाजारात एक बोट म्हणजे ‘सौदा मोडला’. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्ससाठी बांधलेला प्रोग्रॅम फ्रीबीएसडीवर चालवला की नेमकी हीच गत होते.

प्रोग्रॅमला फाइल वाचायची, पडद्यावर लिहायचं, तर तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, एक नंबर देतो. आजच्या ६४ बिटी पीसीवर लिनक्समध्ये ‘लिही’चा नंबर १ आहे. फ्रीबीएसडीत ‘लिही’ म्हणजे ४, आणि १ म्हणजे ‘मला बंद कर’. म्हणजे मध्ये कोणी दुभाष्या नसेल, तर लिनक्सचा प्रोग्रॅम पहिली ओळ छापायला जाईल आणि तिथंच संपेल. गंमत पुढेच आहे. पडद्याचा नंबरही १ असल्यामुळे तोच आकडा शेवटचा निकाल म्हणून धरला जाईल, आणि निकाल १ म्हणजे ‘काम फसलं’.

प्रोसेसर मात्र दोन्हीकडे एकच. बेरीज, तुलना, उड्या या सूचना जशाच्या तशा चालतात, त्यामुळे नक्कल करणारं यंत्र उभारावं लागत नाही. फ्रीबीएसडीचा कर्नल प्रत्येक प्रोसेसला नंबरांचा एक तक्ता जोडून देतो. लिनक्सच्या प्रोसेसला लिनक्सचा तक्ता मिळतो. म्हणूनच वेगात फारसा फरक पडत नाही.

किचकट भाग उत्तरांचा. ‘आत्ता नाही, परत विचार’ हा एरर लिनक्समध्ये ११, फ्रीबीएसडीत ३५. ‘कुलपांची गाठ बसली’ हा एरर बरोब्बर उलटा: तिकडे ३५, इकडे ११. शिवाय लिनक्स उणे ११ परत करतो. फ्रीबीएसडी ३५ देऊन प्रोसेसरचा कॅरी फ्लॅग, म्हणजे ‘चूक झाली’ सांगणारी एका बिटाची खूण, उभा करतो. सिग्नलचे (कर्नल प्रोग्रॅमला देतो त्या इशाऱ्यांचे) नंबर, फाइल उघडतानाचे फ्लॅग, सगळंच असं बदलून द्यावं लागतं. तक्ता लिहिणं त्यामानाने सोपं.

प्रोग्रॅम लिनक्सचा आहे हे ओळखायचं कसं? दोन्हीकडचे प्रोग्रॅम ईएलएफ नावाच्या साच्यातल्या फाइलीत असतात. तिच्या आठव्या बाइटमध्ये फ्रीबीएसडीचा ९ असतो, लिनक्सचा ३ असायला हवा. पण बहुतेक लिनक्स प्रोग्रॅम तिथं ० ठेवतात. मग कर्नल फाइलीतली टीप किंवा लोडरचा (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्याचा) पत्ता बघतो. स्टॅटिक, म्हणजे लायब्रऱ्या पोटातच घेतलेल्या, प्रोग्रॅममध्ये दोन्ही नसले तर ‘ईएलएफ बायनरी टाइप ० नॉट नोन’ असं उत्तर येतं. ‘ब्रँडईएलएफ’ कमांडने लिनक्सचा शिक्का मारला की काम होतं.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या पेढीने झेडएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीसाठी फ्रीबीएसडीचा सर्व्हर ठेवला आणि बॅकअपचा प्रोग्रॅम फक्त लिनक्सचाच मिळाला, तर एवढंच करायचं: आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत ‘लिनक्स एनेबल’ला ‘येस’ द्या, लिनक्स सर्व्हिस सुरू करा, आणि रॉकी लिनक्स ९ (लिनक्सचाच एक प्रकार) च्या लायब्रऱ्यांचं बेस पॅकेज टाका. त्या ‘कॉम्पॅट/लिनक्स’ या फोल्डरखाली बसतात. प्रोग्रॅमने कुठलीही फाइल मागितली की कर्नल आधी तिथं शोधतो, मग फ्रीबीएसडीच्या मूळ जागी. प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तर बहुधा एखादी लायब्ररी नाही. ‘कर्नल टू ओल्ड’ आलं, तर कर्नल स्वतःची जी लिनक्स आवृत्ती सांगतो ती सेटिंगमध्ये वाढवावी लागते. मध्येच पडला तर ‘डीमेसेज’ कमांडने कर्नलचे निरोप बघा. फ्रीबीएसडीत अजून न लिहिलेल्या कॉलचं, म्हणजे कर्नलकडच्या मागणीचं, नाव किंवा नंबर तिथं सापडतो. लिनक्सचा कर्नल ड्रायव्हर लागणारा डोंगल (परवान्यासाठी लावायची यूएसबी काडी) असेल तर नाद सोडा, आणि प्रोग्रॅम डब्यात बंद करून चालवणाऱ्या डॉकरचाही.

मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या कर्नलमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायला असाच थर घातला होता. हजारो बारीक फाइली हाताळताना तो रखडायचा. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सरळ खरा लिनक्स कर्नलच छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवला.

उलट दिशेला, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाइन १९९३ पासून कर्नलच्या बाहेरच काम करतं. कारण साधं आहे: लिनक्सचे नंबर वर्षानुवर्षं तेच राहतात, विंडोजचे आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून विंडोजचे प्रोग्रॅम नंबर न वापरता डीएलएलमार्फत (विंडोजच्या लायब्रऱ्यांमार्फत) बोलतात आणि वाइन तीच डीएलएल बदलतं. काही गेम मात्र कॉपी रोखण्यासाठी डीएलएल टाळून थेट नंबर देतात. त्यांच्यासाठी २०२१ च्या लिनक्स ५.११ मध्ये सोय आली: असा कॉल कर्नल स्वतः न पाळता सिग्नलने प्रोग्रॅमकडेच परत पाठवतो, आणि तिथं वाइन त्याचा विंडोजी अर्थ लावतं.