दरडीत किंवा पुरात माणूस बेपत्ता झाला तर: मृत्यूचा दाखला आणि शासकीय मदत कशी मिळवायची

आपत्तीत मृतदेह सापडला तर पुढची कागदपत्रं त्यामानाने सरळ असतात. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, दाखला मिळतो. पंचाईत होते ती मृतदेहच हाती लागत नाही तेव्हा. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबलं. ढिगाऱ्याखाली राहिलेल्या माणसाच्या नावावर जमीन असते, बँकेत पैसे असतात, विमा असतो. दाखल्याशिवाय यातलं काहीच हलत नाही.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "सात वर्षं थांबावं लागेल." हे अर्धंच खरं आहे. सात वर्षांचा नियम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११मध्ये आहे (जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०८). घरातून निघून गेलेला माणूस परतलाच नाही, अशा प्रकरणांत तो लागू पडतो. आपत्तीत बेपत्ता झालेल्यांसाठी शासन वेगळी कार्यपद्धती ठरवू शकतं आणि तसं झालेलंही आहे. २०१३च्या केदारनाथ प्रलयानंतर जन्म-मृत्यू नोंदणी पाहणाऱ्या केंद्राच्या महानिबंधक कार्यालयाने ती घालून दिली. २०२१मध्ये चमोलीच्या दुर्घटनेनंतर तीच वापरली गेली. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ला दरडी कोसळल्या, त्यानंतर जानेवारी २०२५मध्ये केरळने स्थानिक आणि राज्य पातळीवर समित्या नेमून बेपत्तांची यादी निश्चित केली. प्रत्येक वेळी आपत्ती घडून गेल्यावर नवा आदेश निघतो आणि तोवर कुटुंबं खेटे घालत राहतात, हे मला पटत नाही. हा आदेश जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आधीच तयार असायला हवा.

पहिल्या आठवड्यात काय कराल

सगळ्यात आधी पोलीस ठाण्यात 'मिसिंग' दाखल करा. पुढचं सगळं या एका नोंदीवर उभं राहतं. माणूस आपत्तीच्या वेळी तिथेच होता, हे तक्रारीत स्पष्ट आलं पाहिजे: शेवटचं कोणी पाहिलं, फोन कधी झाला, सोबत कोण होतं. नुसतं "बेपत्ता आहे" एवढंच लिहून आलात तर चौकशीत तोच प्रश्न पुन्हा येणार. तक्रारीची प्रत आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा आणि तलाठ्याच्या (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) यादीत नाव चढलं का, ते स्वतः पाहा.

माणूस परराज्यात, समजा चारधामला गेला असेल, तरी तक्रार आपल्या राहत्या ठिकाणच्या ठाण्यात देता येते. केदारनाथच्या वेळी हीच पद्धत होती: घरच्या ठिकाणी तक्रार आणि चौकशी, अहवाल उत्तराखंडला, दाखला तिकडून. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते.

डीएनए नमुना मागितला तर नकार देऊ नका. आई, वडील आणि सख्खी मुलं यांचे नमुने सर्वात उपयोगी. नवरा किंवा बायकोच्या नमुन्यावरून ओळख पटत नाही, पण मुलांसोबत दिला तर मदत होते. बेपत्ता माणसाचा दात घासायचा ब्रश, कंगवा, दाढीचं सामान घरी असेल तर धुऊन-पुसून ठेवू नका. कागदी पाकिटात घालून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहून खराब होतं. दातांवर उपचार झाले असतील तर डॉक्टरांकडचा एक्स-रेही मागून घ्या. जून २०२५मध्ये अहमदाबादच्या विमान अपघातानंतर बहुतेक मृतांची ओळख डीएनएवरूनच पटली होती.

त्यानंतर काय होतं

पोलीस आणि महसूल विभाग चौकशी करतात. नेमलेला अधिकारी, उत्तराखंडमध्ये तो उपविभागीय दंडाधिकारी होता, मृत्यू झाल्याचं गृहीत धरणारा तात्पुरता आदेश काढतो. नावं वर्तमानपत्रात आणि राजपत्रात प्रसिद्ध होतात, हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. हरकत आली नाही तर दाखला निघतो. दाखला हातात पडताच नावाचं स्पेलिंग, तारीख आणि ठिकाण तपासा. रेशन कार्डावर 'सखुबाई' आणि आधारवर 'सखू' असेल तर ती दुरुस्ती किंवा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आताच करून घ्या; बँकेत अडतं ते इथेच.

मदत किती आणि कुणाला

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६साठीच्या निकषांप्रमाणे मृत व्यक्तीमागे ४ लाख रुपये मिळतात. आठवडाभराहून जास्त काळ रुग्णालयात राहावं लागलं तर १६ हजार, त्याहून कमी असेल तर ५,४०० आणि ६० टक्क्यांहून जास्त अपंगत्व आलं तर अडीच लाख. बचावकार्यात जीव गमावलेल्यांच्या वारसांनाही हीच ४ लाखांची मदत लागू आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. मुख्यमंत्री जाहीर करतात ती रक्कम वेगळी असते. इर्शाळवाडीच्या वेळी ती ५ लाख होती. ती त्या घटनेपुरती असते, हक्क म्हणून मागता येत नाही.

मात्र मृत्यू आपत्तीमुळेच झाला, हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावं लागतं. पावसात दुचाकी घसरून झालेला मृत्यू यात बसेलच असं नाही. पुरात वाहून जाणं आणि एरवी नदीत पोहताना बुडणं यांतही फरक केला जातो.

तहसील कार्यालयात अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मिसिंगची प्रत किंवा शवविच्छेदन अहवाल, पंचनामा, वारसांबाबतचा तलाठ्याचा अहवाल, सर्व वारसांची आधार व रेशन कार्डं, अर्जदाराचं पासबुक आणि इतर वारसांचं संमतीपत्र लागतं. वारसांत अज्ञान (१८ वर्षांखालचं) मूल असेल तर पालक कोण, हे आधी घरात ठरवा. बेपत्ताच्या प्रकरणात, माणूस परत आल्यास रक्कम परत करू, असं हमीपत्रही घेतलं जाऊ शकतं.

मृताचं पासबुक नीट चाळा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले गेले असतील तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा होता आणि २० रुपये असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, म्हणजे अपघाती विमा. दोन्हींत वारसाला २ लाख मिळतात आणि ही रक्कम वरच्या ४ लाखांच्या शासकीय मदतीतून वजा होत नाही. बँकेत दावा शक्य तितक्या लवकर दाखल करा. दाखल्याला वेळ लागत असेल तर शाखेला लेखी कळवून पोच घ्या.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. तोंडी "बसत नाही" एवढं ऐकून परतू नका.